अठ्ठावन्नावं जर्नल

मागच्या टेबलांवरची मुलं तिला 'सहीबाई' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि रागवावं असं त्यात काही नाही हेही ठाऊक होतं. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढल्यावर माणसाचं जे काही उरतं, त्यात तिची सही तेवढी उरली होती, आणि तीही झिजत चालली होती. नोकरीला लागली तेव्हा ती जर्नलवर पूर्ण नाव घालायची. आधी मधलं नाव गेलं, मग आडनाव, मग नावातली अक्षरं एकेक करून गळाली. आता एक उभी रेघ, एक गिरकी आणि खाली तारीख. अठ्ठावन्न जणांची बॅच, प्रत्येकाचे बारा प्रयोग. एका वर्षात किती गिरक्या होतात ते मोजायचं तिने सोडून दिलं होतं.

पायांच्या शिरा फुगल्या होत्या. पाय वर करून बसत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी कधी अठ्ठावन्न ब्युरेटींमधून, त्या उभ्या काचेच्या नळ्यांमधून, तीन तास फेऱ्या मारल्या नसाव्यात. उजव्या हाताच्या दोन बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे तपकिरी डाग कायमचे वस्तीला आले होते, आणि नाक तर अमोनियाने पहिल्या दहा वर्षांतच नेलं होतं. घरी दूध करपलं की नवराच बाहेरच्या खोलीतून धावत येऊन गॅस बंद करायचा आणि म्हणायचा, "तुझ्या नाकाला पेन्शन लागली, तुला कधी लागायची?" तो स्वतः दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता, त्यामुळे असले विनोद त्याला परवडत.

यंदा तिला एकच गोष्ट हवी होती, सुट्टी. सत्र संपलं की तीन आठवडे धाकट्या बहिणीकडे. बहिणीच्या घराला मागच्या बाजूला पडवी होती, पडवीत आरामखुर्ची होती, आणि बहिणीने फोनवर बजावलं होतं, "तू नुसती पाय वर करून बस. चहासुद्धा तिथंच आणून देईन, पण त्या बाटल्यांबद्दल एक शब्द बोलायचा नाही." शुक्रवारी चार वाजता सगळे प्रयोग पुरे झालेल्यांची यादी कार्यालयात गेली, त्यावरून दाखले निघाले की सुटका. ज्यांचं जर्नल अपुरं, त्यांनी सुट्टीत येऊन पुरं करायचं, आणि ते येणार म्हणजे बाईंनीही यायचं, असा नियम. म्हणून तर गेली कित्येक वर्षं ती कुणाचं अपुरं राहूच देत नसे.

सुरुवातीला ती अशी नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पहिली चार-पाच वर्षं प्रयोगाचं उत्तर दहाच्या जागी साडेदहा आलं तर ते का आलं, हे शोधल्याशिवाय ती मुलाला घरी सोडत नसे. ब्युरेटीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता का? डोळा रेघेच्या पातळीत होता का? मुलं कंटाळायची, पण शिकायची. मग वीसची बॅच चाळीसची झाली, चाळीसची अठ्ठावन्न झाली, तास तेवढेच राहिले. पालकांच्या तक्रारी आल्या, विभागप्रमुख म्हणाले, "बाई, इतकं ताणू नका." तिने जरा सैल सोडलं. सैल सोडण्याची गंमत अशी, की ते एकदा सुरू झालं की कुठे थांबायचं ते कुणी सांगत नाही.

जर्नलं तर मुलं लिहीतच नसत, उतरवत. मागच्या वर्षीच्या मुलाचं यंदाच्या मुलाने, त्याचं पुढच्या वर्षीच्याने. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, गणित, निष्कर्ष, सगळं पिढीजात. 'घ्यावयाची काळजी' या मथळ्याखाली प्रत्येकाने लिहिलेलं असे, 'वजन करताना खिडकी बंद ठेवावी.' वजनकाट्याच्या खोलीतली खिडकी विटा लावून बुजवल्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मुलं ती खिडकी बंद ठेवत होती आणि बाई त्याखाली सही करत होती.

या बॅचमध्ये एकच विद्यार्थिनी वेगळी होती. वय चाळीसच्या पुढे, केस घट्ट बांधलेले, पायांत रबरी सपाता. ती रुग्णालयाच्या वॉर्डातून थेट यायची म्हणून पोरांनी तिचं नाव 'वॉर्डताई' ठेवलं, आणि तिनेही ते बिनतक्रार घेतलं. सतरा वर्षं ती वॉर्डात मदतनीस होती. रोग्यांना उचलून कुशीवर वळवायचं, चादरी बदलायच्या, दर चार तासांनी ताप घेऊन तक्त्यावर लिहायचा. कंबर आता साथ देत नव्हती. रुग्णालयाच्या तपासणी प्रयोगशाळेत बसून करायचं एक काम रिकामं झालं होतं आणि मेट्रनने ते तिच्यासाठी अडवून धरलं होतं. अट एकच: पहिल्या वर्षाचे प्रयोग पूर्ण केल्याचा दाखला शनिवारी सकाळपर्यंत हजर करायचा. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला, आणि हिला पुन्हा खाटा आणि चादरी.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रयोगापाशी. प्रयोग तसा पोरखेळ. काचेच्या फ्लास्कमध्ये दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटीतून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं आणि किती लागलं ते वाचायचं. उत्तर दहा. बाई आल्यापासून दहा, बाईंच्या आधीपासून दहा. कारण दोन्ही बाटल्या मुळात तशाच बनवलेल्या असत.

सत्तावन्न जर्नलांत दहा होतं. लबाडी दिसू नये म्हणून काहींनी एखाद्या ओळीत नऊ पूर्णांक नऊ घातलं होतं, तेवढी अक्कल पोरांना असते. वॉर्डताईच्या जर्नलात मात्र चौदा, चौदा पूर्णांक एक, चौदा.

बाईंनी त्यावर तिरपी लाल रेघ मारली, 'पुन्हा करा' लिहिलं, आणि पुढचं जर्नल ओढलं.

"पण मॅडम, एवढंच लागलं हो," वॉर्डताई म्हणाली. "तीनदा केलं. मी बघून लिहिलंय."

"सगळ्यांचं दहा आलंय. तुमचंच कसं चौदा येईल?"

"ते नाही मला माहीत. वॉर्डात आम्हाला एकच शिकवलंय. एकशे तीन ताप असेल तर एकशे तीन लिहायचा. बाजूच्या खाटांचा बघून लिहायचा नाही."

बाजूच्या टेबलावरची पोरं फिसकन हसली. बाईंना थोडं हसू आलं, थोडा रागही आला, पण दोन्हींपेक्षा पाय जास्त दुखत होते. "पुन्हा करा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वॉर्डताईने पुन्हा केलं. चौदा पूर्णांक एक, चौदा, चौदा. बाईंनी पुन्हा रेघ मारली. या वेळी त्याखाली लिहिलं, 'पुन्हा करा. इतरांची निरीक्षणे पाहा.' हे वाक्य लिहिताना तिचा हात जराही अडखळला नाही.

गुरुवारी दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर जर्नलांचा गठ्ठा मांडून ती यादी करत होती. समोर नवरा शब्दकोड्यात डोकं घालून बसला होता. सत्तावन्न 'पूर्ण' लिहून झाले. अठ्ठावन्नाव्यापाशी आली, 'अपूर्ण' लिहायला पेन टेकवलं आणि कशाला कोण जाणे, दोन्ही लाल रेघांखालचे आकडे शेजारी शेजारी धरून पाहिले. सहा आकडे. दोन वेगवेगळे दिवस. सहाही एकमेकांना चिकटून.

चुकणारा माणूस दरवेळी वेगळा चुकतो. आज तेरा, उद्या पंधरा. सहाही वेळा नेमका तेवढाच चुकणारा माणूस तिने एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. एक आकडा खरा वाटतोय."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं, डोंबल," ती म्हणाली आणि गठ्ठा पिशवीत भरला. रात्री तिला नीट झोप लागली नाही.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी आली आणि जर्नलांचा गठ्ठा प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला. मामा तेवढे हजर होते. प्रयोगशाळेचे जुने मदतनीस, द्रावणं बनवणारे; सगळ्या बाटल्यांची आई म्हटलं तरी चालेल. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. बाईंनी स्वतः ब्युरेट धुतली, भरली, टोकाचा बुडबुडा काढला. आपण हे शेवटचं कधी केलं, ते तिला आठवेना. मुलांना दाखवायचं तेही आता फळ्यावर चित्र काढून होई. हात मात्र विसरला नव्हता. डाव्या हाताने तोटी, उजव्याने फ्लास्क गोल गोल.

दहा झाले. फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ. अकरा. बारा. मामा झाडू तसाच धरून बघायला आले. तेरा. मग तिने थेंब थेंब सोडला, आणि चौदाच्या रेघेवर फ्लास्कच्या तळाशी ती फिकट गुलाबी झाक आली आणि तिथंच राहिली.

ती स्टुलावर बसली. सत्तावन्न मुलांना या बाटलीतून दहावर रंग दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे सत्तावन्न मुलं रंग न आलेल्या फ्लास्कसमोर उभी राहिली, त्यांनी दहा लिहिलं, आणि ती त्यांच्या मागून सत्तावन्न वेळा गेली.

"मामा, ऑक्झॅलिकची बाटली आणा. ज्यातून वजन केलंत ती."

मामांनी आणली. झाकण तेच, पांढरी भुकटी तीच. "नेहमीसारखंच केलंय, बाई. लिटरला सहा पूर्णांक तीन. झोपेत उठवलं तरी सांगीन."

बाईंनी चष्मा वर करून लेबल डोळ्यांशी नेलं. नावापुढे या वेळी एक शब्द जास्त होता: निर्जल. नेहमी येणाऱ्या भुकटीच्या कणांत पाणी धरलेलं असतं, म्हणून सहा पूर्णांक तीन ग्रॅम घ्यावे लागतात. ही कोरडी भुकटी साडेचार ग्रॅमच पुरे. सुक्या चादरी ओल्या चादरींच्या वजनाने मोजल्या तर गठ्ठ्यात जास्तच येणार, तसं ते आम्ल दीडपटीच्या जवळ कडक झालं होतं, आणि त्याला मारायला दहाऐवजी चौदा लागत होते. वॉर्डताईचा आकडा दशांशापर्यंत बरोबर होता.

मामांचा चेहरा उतरला. "बाई, मी लेबल नाही वाचलं. झाकण बघून घेतली. आता शेवटच्या दोन महिन्यांत माझ्यावर..."

"तुमच्यावर काही येत नाही. माल आला तेव्हा पावतीवर सही कुणाची आहे?"

ती एक उभी रेघ आणि गिरकी दोघांनाही तोंडपाठ होती.

विभागप्रमुखांकडे ती अकराला गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे प्रयोग पुन्हा? सुट्टीत? सगळ्या बॅचचा?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, विचार करा. सत्तावन्न ठिकाणी दहा आहे, एका ठिकाणी चौदा. त्या एकीचंही दहा होऊन जाऊ द्या. तिलाही दाखला मिळेल, तुम्हालाही सुट्टी मिळेल. कुणाचं काय बिघडलं?"

कुणाचं काय बिघडलं, याचं उत्तर खरं सांगायचं तर तिला द्यायचंच नव्हतं. ती दमली होती. जिना उतरताना एकेका पायरीवर तिला बहिणीची पडवी दिसत होती, आरामखुर्ची, चहा. ठीक आहे, तिने ठरवलं. वॉर्डताईला बोलवू, समजावून सांगू, दहा लिहून घेऊ. तिचंही कल्याण होईल. आपण काही तिचं वाईट करत नाही.

समजावून सांगायची वेळच आली नाही. तीन वाजता वॉर्डताई आपणहून आली, आणि गठ्ठ्यातून काढलेलं आपलं जर्नल टेबलावर उघडून ठेवलं. नवं पान, रेघा पट्टीने मारलेल्या, अक्षर मोत्यासारखं. नऊ पूर्णांक नऊ, दहा, दहा.

"आलं बघा बरोबर," ती म्हणाली.

बाईंच्या हातात पेन होतं. फक्त टेकवायचं होतं. तरीही तिने विचारलं, "केलंत पुन्हा?"

"केलं ना. सकाळची पाळी संपवून आले, केलं. चौदाच आलं." वॉर्डताई सरळ तिच्याकडे बघत होती. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. खोटं तिने फक्त कागदावर लिहिलं होतं. "मग तुम्ही सांगितलंत तसं इतरांचं पाहिलं आणि लिहिलं. चूक माझीच होती, मॅडम. पोरांना पहिल्या दिवशी कळलं, मला कळायला तीन आठवडे लागले. इथं ताप बाजूच्या खाटांचा बघून लिहायचा असतो."

ती टोमणा मारत नव्हती. ती खरोखरच काहीतरी नवं शिकून आली होती, आणि ते जमल्याचं थोडं समाधान तिच्या तोंडावर होतं. बाईंना ते समाधान बघवेना. उद्यापासून ही बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसणार, कुणाकुणाच्या रक्ताचे आकडे लिहिणार. एकतीस वर्षांत आपण जर कुणाला काही मनापासून शिकवलं असेल तर ते हे, असं तिच्या मनात आलं आणि तिला लाज वाटली. साधी, सरळ, कान तापवणारी लाज.

"यावर सही नाही करता येणार," ती म्हणाली.

वॉर्डताई खाली बसली. सकाळपासून उभी असलेली बाई बसते तशी, एकदम. मग अगदी हळू म्हणाली, "मग आता किती आणू? तेवढं सांगा मॅडम, तेवढं आणते. मला उद्या दाखला द्यायचाय."

बाईंनी जर्नल आपल्याकडे ओढलं. दोन पानं मागे उलटली. तिरपी लाल रेघ, तिच्याखाली चौदा पूर्णांक एक, चौदा, चौदा, आणि त्याखाली तिचं स्वतःचं वाक्य. तिने ते वाक्य खोडलं. शेजारी लिहिलं, 'निरीक्षण बरोबर. द्रावण चुकीचे बनले होते. चूक माझी.' खाली पूर्ण नाव घातलं, मधल्या नावासकट. अक्षरं वेडीवाकडी आली. हाताला सवय राहिली नव्हती. मग नव्या, मोत्यासारख्या अक्षरांच्या पानावर आडवी रेघ मारली.

वॉर्डताईने वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे चौदा बरोबर होतं?"

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बाईंना वाटलं, ती आनंदाने उठेल. ती उठली नाही. तिने त्या दोन्ही लाल रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग दोनदा रेघ का मारलीत?"

सांगायला कारणं पुष्कळ होती. बॅच मोठी, तास कमी, पाय, वय.

"मी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली.

वॉर्डताईने मान हलवली. माफ केलं की नाही ते कळलं नाही. जर्नल छातीशी धरून ती रबरी सपाता वाजवत गेली.

पावणेचारला बाईंनी कालची यादी फाडली आणि नवी लिहिली. पूर्ण: एक. अपूर्ण: सत्तावन्न. ती घेऊन स्वतःच जिना चढली, कारण मामांना पाठवलं असतं तर विभागप्रमुखांनी त्यांनाच धारेवर धरलं असतं. परत आली तेव्हा मामा वजनकाट्याच्या खोलीत थांबले होते.

"पोरं शिव्या घालतील, बाई."

"घालू द्या. सोमवारी सकाळी नऊला सगळ्यांना बोलवा. दहा-दहाच्या गटात करू, म्हणजे मला प्रत्येकाचा फ्लास्क बघता येईल."

मग तिने बहिणीला फोन लावला. पलीकडून बहीण विचारत होती, कोणत्या गाडीने येतेस, खुर्ची उन्हात ठेवू की सावलीत. बाई म्हणाली, या खेपेला जमत नाही गं, आणि का, ते विचारू नकोस. फोन ठेवून तिने निर्जलची बाटली पुढ्यात घेतली, लेबल शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, आणि पाच लिटरसाठी साडेबावीस ग्रॅम मोजायला उभी राहिली. पाय भयंकर दुखत होते.